‘नंतर’ नावाचा कप्पा

३ मार्च

चि. स्प्रिंग,

घड्याळाच्या दुकानातून काकाचा आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. एक काम आहे. फोन लावू नकोस, लावलास तरी मला तो टेबलावर नुसता थरथरताना दिसतो. कानांनी आता पुरते हात टेकले आहेत. तू समोर असलीस तर पाटीवर लिहिशील, लांब आहेस म्हणून कागदावर लिही.

तुझ्या काकूला जाऊन चार महिने होत आले. तिच्या साड्या, चष्मे, विणायच्या सुया सगळं मार्गी लावलं. तिचा कंप्युटर तेवढा राहिलाय. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई वाचनालय चालवतात, त्यांना तो हवाय. मी देतो म्हणालो. तर म्हणाल्या, म्हणजे पाटीवर लिहिलं, की आधी आतलं सगळं रिकामं करून द्या. आता रिकामं करायला तो काय डबा आहे? झाकण कुठे तेच मला माहीत नाही.

अकरा वर्षं रोज दुपारी चार ते सहा ती त्याच्यासमोर बसायची. मी एकदा विचारलं होतं, एवढं काय करतेस? तिने पाटीवर लिहिलं, पत्ते खेळते. मी म्हटलं खेळ बाई, मी दिवसभर दुकानात, तुझं बोलणं मला ऐकू येत नाही, कुणाशी तरी खेळ. तेव्हा आत पत्त्यांशिवाय काही नसेल. ते पुसायचं कसं, एवढं मला लहान मुलाला सांगितल्यासारखं लिहून पाठव. घाई नाही, पण लांबवूही नकोस. ती खुर्ची आणि तो पडदा रोज समोर दिसतो आणि माझं जेवण जात नाही.

तुझा,
काका

९ मार्च

ती. काका,

नमस्कार. तुम्ही कंप्युटरला हात लावणार हे वाचून मी छापखान्यात खुर्चीवरून पडायचीच राहिले. मागे मी नुसता माऊस तुमच्या हातात दिला होता तर तुम्ही तो उलटा करून त्याचे स्क्रू शोधायला लागला होतात.

सोबत सहा छापील पानं पाठवतेय. ती माझी नाहीत. ‘टाचणी’ नावाची एक बाई घरच्या कंप्युटरबद्दल एक वेबसाइट चालवते. खरं नाव कुणालाच माहीत नाही, सगळे टाचणीबाई म्हणतात. फुकटातली चांगली सॉफ्टवेअरं कुठली, फोटो हरवले तर कसे शोधायचे, ‘तुमचा कंप्युटर धोक्यात आहे’ असं ओरडणारी चौकट आली तर न घाबरता काय करायचं, असलं सगळं ती इतकं सोपं करून सांगते की काय सांगू. इथे कंप्युटरवर पुस्तकांची पानं लावायच्या नोकरीत मी टिकले ती तिच्या जिवावर. नवीन नवीन असताना जेवणाच्या सुट्टीत तिचीच पानं वाचायची. हल्ली बिचारी लिहीत नाही. गेल्या वर्षी तिने सांगितलं होतं की ती फार आजारी आहे. मीसुद्धा दोन ओळी लिहिल्या होत्या, लवकर बऱ्या व्हा म्हणून. ऑक्टोबरपासून तिचं नवीन काहीच आलेलं नाही.

तर पहिल्या पानावर लिहिलंय तसं आधी आत काय आहे ते बघा. मग पाकिटात छोटी पट्टी आहे तिला पेनड्राइव्ह म्हणतात, ती कंप्युटरच्या कडेला खोचून सगळ्याची एक प्रत काढून घ्या. पुसायचं त्याच्यानंतर. आणि एक लक्षात ठेवा, कंप्युटरने काही विचारलं तर मला विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. तुम्ही पटकन होय म्हणून मोकळे होता.

वेळेवर जेवा.

तुमची,
स्प्रिंग

१७ मार्च

चि. स्प्रिंग,

आशीर्वाद. तुझी पानं मिळाली. मी पहिलं पान वाचलं, दुसरं सोडलं. पत्त्यांची प्रत काढून काय करायचंय? थेट चौथ्या पानावर गेलो. बाई लिहिते चांगलं, माझ्यासारख्या ढ माणसालाही बोट धरून नेते. ‘माझी कागदपत्रं’ अशी एक पेटी दिसली, ती निवडली, दाबायचं ते दाबलं. तेवढ्यात पडद्यावर चौकट आली. जशीच्या तशी उतरवून पाठवतो: ‘१,८६४ गोष्टी कायमच्या पुसायच्या का?’ खाली दोन खिडक्या, होय आणि नाही.

तू म्हणालीस उत्तर द्यायचं नाही, म्हणून मी दिलेलं नाही. गेले तीन दिवस तो तसाच चालू आहे. वर फडकं टाकून ठेवलंय, जाता-येता चुकून कोपर लागायला नको. पण मला सांग, पत्त्यांच्या डावात अठराशे चौसष्ट गोष्टी कुठून आल्या?

आणि आता मुद्द्याचं. थांबलोच आहे तर म्हटलं सोडलेलं दुसरं पान वाचू. वाचलं आणि मला घाम फुटला. त्यात ही तुझी टाचणीबाई लिहिते: ‘घड्याळ उघडताना निघालेला प्रत्येक स्क्रू पांढऱ्या फडक्यावर गोलात मांडावा. पहिला निघालेला एकच्या जागी, दुसरा दोनच्या जागी, असं बारापर्यंत. बसवताना उलटं फिरत यावं. कंप्युटरमधून काही काढतानाही काय कुठून काढलं ते त्याच क्रमाने वहीत लिहून ठेवा.’

स्प्रिंग, ही माझी पद्धत आहे. मला ती कुणी शिकवली नाही, मी ज्यांच्याकडे काम शिकलो ते सगळे स्क्रू बशीत ओतायचे आणि मग शिव्या देत शोधायचे. चाळीस वर्षांत मी असं फडकं मांडतो हे कुणाला कळायचं कारण नाही, मी आतल्या टेबलावर पडदा ओढून काम करतो. मग या बाईला कळलं कसं? मी आठवून आठवून थकलो. दुकानात डोकावणारी ती शिंपीणबाई? की भिंतीवरचं घड्याळ तीनदा परत आणणारी ती नर्स? कोण आहे ही बाई, कुठे राहते, मला सांग. कुणीतरी इतकी वर्षं माझ्या खांद्यावरून बघत होतं.

ताबडतोब उत्तर पाठव. वीज गेली तर त्या चौकटीचं काय होतं तेही लिही.

काका

२१ मार्च

ती. काका,

‘नाही’ दाबा. आधी उठा, फडकं काढा, ‘नाही’ दाबा आणि मगच पुढे वाचा.

दाबलंत ना? मुख्याध्यापिकाबाईंना फोन करत होते, पण त्या गावाला गेल्यात. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय, उद्या तुमच्या हातात पडेल. घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नका.

तुमचं पत्र वाचून मी टाचणीबाईंची वेबसाइट पहिल्यापासून परत काढली. अकरा वर्षांची. सात वर्षं मी ती वाचतेय आणि मला डोळे नव्हते असंच म्हणायचं. एका जागी लिहिलंय की आमच्या घरी ऐकू न येणारं माणूस आहे, म्हणून कंप्युटरच्या ‘टिंग’ आवाजाऐवजी पडदा लखकन चमकेल अशी सोय कशी करायची ते मी शोधून काढलं. एका जागी, पासवर्ड विसरू नये म्हणून जुन्या घड्याळांच्या नावांची ओळ करावी. आणि एका जागी, आमच्याकडे एक मुलगी वाढली, ती जिन्यावरून कधी चालत उतरली नाही, उड्या मारतच उतरली, तिने पहिला कंप्युटर बिघडवला म्हणून मी दुरुस्त करायला शिकले.

काका, ती मुलगी मी आहे. टाचणी म्हणजे आपली काकू.

मी तासभर नुसती बसून राहिले. आमचा मुद्रितशोधक विचारायला लागला, कुणी गेलं का? मी हो म्हटलं. पुढे काय सांगणार?

ज्या बाईकडून मी सगळं शिकले, ती मी शाळेत असताना माझ्या वेण्या घालणारी बाई होती, आणि मी तिलाच फोनवर ऐकवायचे की तुला नाही कळणार काकू, हे कंप्युटरचं असतं.

आता ती पेटी अजिबात पुसू नका. आतमध्ये तिने लिहिलेलं सगळं असणार, आणि लोकांची पत्रं. उघडायचं कसं ते मागच्या बाजूला चित्र काढून दाखवलंय. हळूहळू वाचा. मीही तिला दोन-तीनदा काही विचारलं होतं म्हणा, ते जाऊ दे, त्यात काही विशेष नाही.

तुमची,
स्प्रिंग

३० मार्च

चि. स्प्रिंग,

‘नाही’ दाबलं. ते दाबलं नसतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतंय.

आठ दिवस दुकान उघडलेलं नाही. तुझ्या चित्राप्रमाणे एकेक उघडत गेलो. पहिले दोन दिवस मी वेडा झालो होतो आनंदाने. माझी बायको एवढी हुशार होती आणि मला वाटत होतं ती पत्ते खेळते. कुठली कुठली माणसं तिला लिहायची. कुणी नांगरतं, कुणी केस कापतं, एका आजोबांनी तर लिहिलंय की तुमच्यामुळे नातवाचा चेहरा पडद्यावर पहिल्यांदा बघितला. हिने प्रत्येकाला उत्तर दिलंय.

त्यात एक नमुनाही आहे. ‘कंटाळलेली’ असं नाव घेतलेली कुणी मुलगी गेल्या एप्रिलमध्ये विचारते की घरच्या एका मोठ्या बाईंची मला रोज तीन-तीन ईमेल येतात, ऑफिसात हसं होतं, त्यांना न कळता ती समोर यायची बंद कशी करू? मला इतका राग आला. तुझ्या काकूने मात्र शांतपणे सगळं शिकवलंय, नियम कसा लावायचा, त्यांचं पत्र आलं की ते आपोआप वेगळ्या कप्प्यात कसं जाईल. वर लिहिलंय, ‘बाळा, त्या कप्प्याला ‘नंतर’ असं नाव दे. आणि दर रविवारी तो उघडून वाच, नाहीतर ती बाई भिंतीशी बोलत बसेल.’ कोण बिचारी असेल ती बाई.

पण ते सोड. सहाव्या दिवशी मला जूनमधली सूचना सापडली. तू म्हणाली होतीस तीच, आजाराची. तुला ती आठवत असेल, मी पहिल्यांदा वाचली. तिने आजाराचं नाव लिहिलंय. डॉक्टरांनी जे नाव मला नोव्हेंबरात कागदावर लिहून दाखवलं, शेवटच्या तीन दिवसांत, तेच नाव. मला वाटलं होतं सगळ्यांना ते त्याच दिवशी कळतंय. तिला ते मे महिन्यापासून माहीत होतं. दर गुरुवारी लोकर आणायला जाते म्हणून जायची ती हॉस्पिटलात जात होती. पाटीवर मला लिहायची, पित्त झालंय.

तिची वेबसाइट वाचणाऱ्या चार हजार परक्या लोकांना माहीत होतं की माझी बायको मरणार आहे. मी पलीकडच्या खोलीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करत होतो.

आणि याच्यावर कडी म्हणजे त्या सूचनेतली शेवटची ओळ. ‘घरच्यांना कळवलं आहे. ते काही बोलून दाखवत नाहीत, पण फार धीराने सोबत करत आहेत.’

खोटं. साफ खोटं. मला कुणी काही कळवलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी कधी खोटं बोलली नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगत होतो, आणि तिने माझ्या नावावर चार हजार लोकांना थाप मारली. माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता? मी काय कोसळून पडलो असतो? पडलो असतो तर पडलो असतो, तिच्यासमोर पडलो असतो.

पंधरा एप्रिलला मुख्याध्यापिकाबाई माणूस पाठवणार आहेत. त्याच्या आत मी सगळं पुसणार. त्या चौकटीला आता मी होय म्हणणार. प्रत नको, काही नको. मला ती पत्ते खेळणारी बायको परत हवी. तुला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण.

काका

५ एप्रिल

ती. काका,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. पाचव्यांदा लिहितेय.

काकू खोटं बोलली नाही. कृपा करून हे आधी वाचा, मग माझ्यावर जो राग काढायचा तो काढा.

‘कंटाळलेली’ मी आहे.

रोज तीन पत्रं यायची. छत्री घेतलीस का, पडद्याकडे एकटक बघू नकोस, पापण्या मिटत जा, काल आवाज बसल्यासारखा वाटला. पडद्याच्या कोपऱ्यात पत्र चमकलं की शेजारचा मुद्रितशोधक ते मोठ्याने वाचून दाखवायचा आणि सगळं खातं हसायचं. तेव्हा मी टाचणीबाईंना विचारलं. घरच्या मोठ्या बाई असं लिहिलं, काकू नाही लिहिलं, लाज वाटली. तिने मला ओळखलं नाही. ओळखलं असतं तर आपली पत्रं न वाचता कप्प्यात पडतात हे कळून पुढची तिने पाठवली नसती.

तिने सांगितलं तसाच नियम लावला. ‘नंतर’ नावाचा कप्पा केला. पहिले दोन रविवार उघडला. मग राहिला. काकू दर रविवारी फोनवर विचारायची, माझी पत्रं बघतेस ना? मी म्हणायचे, हो, सगळी वाचते. ती गेल्यावर तो कप्पा उघडायची मला छाती झाली नाही. तुमचं तीस तारखेचं पत्र आलं त्या दुपारी उघडला. पाचशे बारा पत्रं होती.

त्यातलं एकोणीस मेचं पत्र जसंच्या तसं उतरवतेय.

‘स्प्रिंग, आज एकटीनेच रिपोर्ट आणला. वाईट आहे. डॉक्टर म्हणतात सहा महिने, फार तर आठ. तुझ्या काकांना सांगायला हवं, पण मला जमत नाहीये. ऐकू येणाऱ्या माणसाला पाठ फिरवून, भांडी घासताना, कसंही सांगता येतं. ह्यांना सांगायचं तर पाटीवर लिहावं लागतं. चारदा खडू हातात घेतला. लिहिलं की ते अक्षर पुसेपर्यंत आमच्या दोघांच्या मध्ये उभं राहणार, आणि पुसायचंही मीच. माझा हात उठत नाही गं. तू लिही. दुकानाच्या नावाने पत्र पाठव, पोस्टमन ह्यांच्याच हातात देतो. आणि त्यांना सांग की माझ्याजवळ हा विषय काढू नका, मला आहे तशी वागवा. त्यांना माहीत आहे एवढं मला पुरे. तूही फोनवर यातलं काही बोलू नकोस. मी रडेन आणि माझं तोंड बघून ते विचारतील. रविवारी फक्त विचारीन, एकोणीस तारखेचं काम केलंस का. तू हो म्हण.’

काका, तिने तसं विचारलं होतं. मला वाटलं काहीतरी किरकोळ असेल, विम्याचा फॉर्म किंवा तसलं काही. मी टीव्ही बघत होते. मी म्हटलं, हो काकू, केलं. ती म्हणाली, शहाणं गं माझं बाळ.

त्याच्या पुढच्या महिन्यात तिने ती सूचना लिहिली. ती शेवटपर्यंत हेच समजत होती की तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही तिच्यासाठी गप्प आहात. पुढच्या पत्रांत सारखं तेच आहे. आज ह्यांनी माझे पाय चेपले, एक शब्द काढला नाही. आज हे म्हणाले पुढच्या वर्षी समुद्र बघायला जाऊ, माझ्यासाठी किती करतात बघ.

तिने तुमच्यावर विश्वास ठेवला होता, काका, आणि माझ्यावरही. पुसायचंच असेल तर मला पुसा, तिला नको. मी क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही.

स्प्रिंग

२ मे

ती. काका,

पंधरा तारीख होऊन गेली. मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या कंप्युटर काही आला नाही, दुकान मात्र उघडं असतं. पुसलंत की नाही एवढंच लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल, पण कोरा कागद पाठवू नका.

स्प्रिंग

११ मे

स्प्रिंग,

पुसलं नाही.

महिनाभर लिहिलं नाही कारण लिहायला बसलो की कागदावर जे यायचं ते तुला वाचता आलं नसतं. तू नऊ वर्षांची असताना या घरात आलीस. तुला मी कधी हात लावला नाही. पहिल्या पंधरा दिवसांत तू समोर असतीस तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही. एक ‘हो’ म्हणालीस तू, टीव्ही बघत. त्या एका शब्दाने माझे सहा महिने गेले. मला कळलं असतं तर मी दुकान बंद केलं असतं, सगळी घड्याळं ज्याची त्याला परत केली असती आणि तिच्याजवळ बसलो असतो. हे तुला आयुष्यभर माहीत असू दे. मी विसरायचा प्रयत्न करणार नाही आणि तूही करू नकोस.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मला राग आला नाही. पहिल्यांदा मी सुटलो. तिने मला फसवलं नव्हतं.

पण त्यानंतर जे सुरू झालं ते अजून थांबत नाही. मी एकेक दिवस आठवून बघतो. समुद्राचं मी खरंच म्हणालो होतो, गं. मला वाटलं पित्त आहे, हवापालट होईल. ती माझा हात धरून रडली आणि मला वाटलं आनंदाने रडतेय. पाय चेपायचो ते ती दुखतात म्हणायची म्हणून, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. सप्टेंबरात मी तिच्यावर चिडलो होतो, दोन दिवस धड बोललो नाही, ती औषधाची बाटली उघडी ठेवून झोपली होती म्हणून. त्याचंही तिने तुला काहीतरी चांगलंच लिहिलं असणार. त्या सहा महिन्यांत ती ज्या माणसाबरोबर राहिली तो मी नव्हतो. तो माझ्यापेक्षा फार चांगला होता. कधी वाटतं तिला तो मिळाला हे बरंच झालं. कधी वाटतं त्याचा गळा धरावा.

मुख्याध्यापिकाबाईंना नाही म्हणून सांगितलं. हल्ली मी चार ते सहा त्या खुर्चीवर बसतो. तू सांगितली होतीस तशी सगळ्याची प्रत काढली, दुसरं पान न सोडता. आणि रोज नवीन पत्रं येतात. स्प्रिंग, लोकांना अजून माहीत नाही. कालसुद्धा त्या नांगरणाऱ्या माणसाने लिहिलंय, टाचणीबाई, आता कसं वाटतंय, सावकाश बऱ्या व्हा, आम्ही थांबतो. अशी साडेतीनशे आहेत. त्यांना सांगायला हवं. कुठे लिहायचं ते मला सापडलं, चौकट उघडली, कर्सर लुकलुकत होता. तीन दुपारी बसलो. एक अक्षर लिहून झालं नाही. माझा हात उठत नाही.

तू लिही. फोनवरून नाही, तिथून नाही. इथे येऊन, तिच्या खुर्चीवर बसून, मी शेजारी उभा असताना लिही. काय झालं ते सगळं लिही, तुझं आणि माझंही. त्यांनी धीराने सोबत करणाऱ्या माणसाबद्दल वाचलंय, त्यांना तो खरा कोण होता ते कळू दे.

हल्ली गुरुवारी मी दुकान बंद ठेवतो. सकाळच्या गाडीने ये. हे पत्र मिळालं की दोन ओळी टाक, आणि त्यात मी तुला काय करायला सांगितलंय ते तुझ्या शब्दांत लिही. नुसतं हो लिहू नकोस.

काका